समालोचनातले लोचन

‘समालोचन’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. एक घर आमचे. तेथे दशकांचे, प्रवाहांचे, वाङ्मयप्रकारांचे समालोचन होते. ते प्राध्यापक लिहितात आणि बहुतांशी प्राध्यापकच वाचतात. दुसरे घर आकाशवाणीचे. तेथे त्याला ‘धावते’ हे विशेषण जोडले गेले आणि पानाच्या टपरीपासून माजघरातल्या फडताळापर्यंत तो सर्वत्र पोहोचला. आम्ही दोघे पुण्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक जण सदाशिव पेठेत वाढला, दुसरी सोलापूर जिल्ह्यातील एका लहान गावात. क्रिकेट दोघांच्याही घरी होते. तरीही हे दोन अर्थ एकमेकांचे काही लागतात, असे वयाची पस्तिशी उलटेपर्यंत आमच्या मनात आले नव्हते. ते आणून दिले आमच्या सरांनी, आणि तेही त्यांची दृष्टी गेल्यानंतर.

सरांनी आम्हाला एम.ए.ला शिकवले. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू आक्रसत गेली. आधी कडेचे दिसेनासे झाले, मग मधलेही. काकू रोजचे वर्तमानपत्र वाचून दाखवत. पुस्तके आम्ही पाळीपाळीने वाचत असू. क्रिकेट मात्र त्यांना कुणी वाचून दाखवू शकत नव्हते. घरात मोठा दूरचित्रवाणी संच होता, त्याचा आवाजही खणखणीत होता. पण त्यासमोर बसून सर अस्वस्थ होत. “हा बोलतो छान,” ते समालोचकाविषयी म्हणत, “पण सांगत काहीच नाही.”

त्यांचा कान वेगळ्या आवाजांवर घडला होता. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि सरांची पिढी त्या केंद्राबरोबरच वाढली. मराठीतून क्रिकेटचे समालोचन करण्याची वाट ज्यांनी पाडली त्यांत बाळ ज. पंडित यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते पुण्याचे; स्वतः महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेले; क्रिकेटवर मराठीत विपुल लिहिणारे. २०१५च्या सप्टेंबरात ते गेले तेव्हा सरांनी आम्हाला फोन करून बराच वेळ केवळ त्यांच्या आवाजाविषयी सांगितले होते. आम्ही ‘हो सर, हो सर’ म्हणत राहिलो. त्या आवाजाचा आम्हाला जो अनुभव होता तो ऐकीव होता. आणि आवाजाच्या बाबतीत ‘ऐकीव’ हा शब्द किती अपुरा ठरतो हेही आम्हाला तेव्हाच जाणवले.

पुण्यात क्रिकेट आणि अध्यापन यांचे नाते जुने आहे. प्रा. दि. ब. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि मैदानावर महाराष्ट्राचे नेतृत्व करीत. त्यामुळे सरांना एका हातात काव्यशास्त्राचे पुस्तक आणि दुसऱ्या हातात ट्रान्झिस्टर यांत विसंगती कधी वाटली नाही. आम्हाला मात्र ती वाटे. क्रिकेट ही आमची सुट्टी होती आणि साहित्य ही नोकरी.

२०१७ सालच्या महाशिवरात्रीला, २४ फेब्रुवारीला, आम्ही सरांकडे गेलो होतो. महाविद्यालयाला सुट्टी होती. तीनच दिवसांनी मराठी भाषा गौरव दिन असल्याने त्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी लिहिलेले भाषण त्यांना ऐकवायचे होते. गहुंज्याच्या मैदानावर आदल्या दिवसापासून पुण्यातला पहिलावहिला कसोटी सामना सुरू होता, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. काकूंनी साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली आणि सरांनी फर्मान सोडले, “भाषण नंतर. आधी मॅच सांगा. त्याचा आवाज बंद करा आणि तुम्ही सांगा.”

उपाहारानंतरचा खेळ होता. भारत ३ बाद ९४. आम्हाला हे काम सोपे वाटले. दोघेही बोलून पोट भरणारे; दोघांनाही खेळ कळतो. तेवढ्यात डावखुरा फिरकी गोलंदाज स्टीव्ह ओकीफ याच्या चेंडूवर के. एल. राहुल बाद झाला.

“गेला, सर! राहुल गेला. काय भयंकर फटका मारला! आत्मघातच.”

“ते तुझं मत झालं. चेंडू कुठं पडला?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. चेंडू कुठे पडला हे दोघांनीही पाहिले नव्हते.

“झेल कुणी घेतला?”

“वॉर्नरनं.”

“उभा कुठं होता तो? पुढं धावत आला की मागं गेला?”

पुनर्दर्शन दिसेपर्यंत आम्ही गप्प होतो. ते पाहून लाँग ऑफ म्हणालो. तोवर त्याच षटकात अजिंक्य रहाणेचा झेल स्लिपमध्ये हँड्सकोंबने सूर मारून घेतला. “अप्रतिम झेल, सर! केवळ अविश्वसनीय!” यावर सर हसले. “अगं, हे गाइडमधलं उत्तर झालं. ‘अप्रतिम’ला मी काय करू? कोणत्या बाजूला झेपावला ते सांग.” त्याच षटकात साहाही बाद झाला. भारताचे शेवटचे ७ गडी ११ धावांत गेले आणि डाव १०५ धावांवर संपला. ओकीफने ३५ धावांत ६ बळी घेतले. समालोचन शिकायला इतका थोडा वेळ क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल.

त्या दुपारी आम्ही ओशाळलो, कारण सरांच्या प्रश्नांमुळे एक गोष्ट उघडी पडली. आम्ही पाहत होतो असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात निकालाची वाट पाहत होतो आणि निकाल लागताच विशेषण लावत होतो. चेंडू हातातून सुटल्यापासून झेल होईपर्यंतचे जे काही होते, ते आमच्या डोळ्यांसमोरून गेले आणि मनात शिरलेच नाही.

नभोवाणीच्या समालोचकाला ही चैन परवडत नसे. त्याचा श्रोता आंधळा आहे, ही त्याच्या कामाची पहिली अट. वारा कोणत्या दिशेने आहे, क्षेत्ररक्षक कोठे सरकला, फलंदाजाने हातमोजे काढून पुन्हा घातले, हे सांगितले नाही तर श्रोत्याच्या मनातले मैदान रिकामे राहते. मैदान उभे झाल्यावरच त्यावर मत ठेवायला जागा होते. शिवाय तो अशा जातीचा निवेदक आहे की ज्याला शेवट ठाऊक नाही. कीर्तनकाराला आख्यानाचा शेवट माहीत असतो, कादंबरीकाराला बहुधा माहीत असतो; समालोचक वाक्य सुरू करतो तेव्हा त्या वाक्याचे क्रियापद कोणते असेल हेही त्याला ठाऊक नसते. ‘उंच फटका, चेंडू हवेत, खाली क्षेत्ररक्षक आहे...’ इथपर्यंत तो आणि श्रोता बरोबरीचे असतात. नामवंत समालोचकांविषयी लोकांना जी आपुलकी वाटते तिचे मूळ या बरोबरीत असावे, असे आम्हाला वाटते. आवाज उत्तम असणे हा त्याचा एक भाग झाला. आपल्याबरोबर तोही थांबला होता, ही आठवण त्याहून खोल जाते.

मराठी समालोचनाला आणखी एक काम करावे लागले: शब्द रुळवण्याचे. समालोचक आणि क्रीडापत्रकार यांनी मिळून जी परिभाषा प्रचारात आणली ती आपल्या विद्यार्थ्यांनी भाषाविज्ञानाच्या तासाला अभ्यासावी अशी आहे. मराठी दैनिकात क्रीडापानाला प्रतिष्ठा मिळवून देणारे वि. वि. करमरकर यांचाही तीत मोठा वाटा आहे. ‘गोलंदाज’ हा शब्द तोफखान्यातला; तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. ‘फलंदाज’ त्याच्या जोडीला घडला. ‘तंबू’ छावणीतला. ‘बळी’ देवळापुढचा. ‘त्रिफळाचीत’, ‘पायचीत’, ‘धावचीत’ यांतला ‘चीत’ तर सरळ कुस्तीच्या आखाड्यातून आला. एक परका खेळ आपण आपल्या फौजेत, आपल्या देवळात आणि आपल्या तालमीत नेऊन बसवला आणि कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. ‘षटक’ या शब्दाची गंमत तर सरांनी त्याच दिवशी सांगितली. ऑस्ट्रेलियात १९७८-७९च्या हंगामापर्यंत एका षटकात आठ चेंडू टाकत. १९७७-७८मध्ये बेदीचा संघ तेथे खेळत होता तेव्हा मराठी माणसाला ‘आठ चेंडूंचे षटक’ असे म्हणावे लागे. “व्युत्पत्ती रडली,” सर म्हणाले, “पण अर्थ पोहोचला.”

संध्याकाळी ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात स्मिथ खेळत होता. तोवर आमची चाल जरा सुधारली होती. एक जण गोलंदाज सांगत होता, दुसरी फलंदाज. “चेंडू सुटायच्या आधीच तो आडवा सरकतोय, सर. मागचा पाय आधी, मग पुढचा. तिन्ही यष्ट्या झाकल्या. बॅट मागं गेलीय, पण सरळ नाही, स्लिपच्या दिशेनं तिरकी. डोकं मात्र हलत नाहीये.” सरांनी खुर्चीत बसल्या बसल्या खांदा किंचित वळवला, जणू स्वतःच पवित्रा घेत होते. “हं,” ते म्हणाले, “आता दिसला.”

या दोन शब्दांनी आम्हाला जे समाधान दिले ते आमच्या कोणत्याही शोधनिबंधाने दिले नव्हते, हे येथे नमूद करणे भाग आहे.

खेळ संपल्यावर भाषण निघाले. आता ते वाचायचे धैर्य आम्हाला होईना. मायमराठीची थोरवी, अमृताशी पैजा, अभिजाततेचा दावा, सगळे होते. पण भाषेचा एकही ठोस नमुना त्यात नव्हता. त्याच महिन्यात आमच्यापैकी एकाने एका नव्या कवीच्या संग्रहावर परीक्षण लिहिले होते. तेही सरांना वाचून दाखवले. ‘आशयघन’, ‘प्रतिमांकित’, ‘काहीशी पसरट’, ‘उद्याच्या अपेक्षा जागवणारी’. सर शेवटपर्यंत शांत राहिले. मग म्हणाले, “तीन पानांत कविता कुठं आहे? मला आंधळ्याला ती पुस्तकात सापडायची नाही. तू सांगशील तेवढीच माझी.” आणि थोड्या वेळाने, “अरे, समालोचनात लोचन आहे. धातू लोच्. पाहणं. आधी पाहणं, मग बाकीचं.”

परीक्षण छापून गेले होते. मागे घेता येण्यासारखे नव्हते.

येथे दूरचित्रवाणीच्या समालोचकांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट मांडायला हवी. चित्र आल्यावर वर्णनाची गरज संपली, आणि ज्याला वर्णन करायचे नाही त्याच्याजवळ मत आणि व्यक्तिमत्त्व एवढेच उरते. १९३४मध्ये मुंबईत क्रिकेटचे समालोचन करणारे ए. एफ. एस. तल्यारखान यांचेही व्यक्तिमत्त्व मोठे होते. माइक दुसऱ्या कुणाला द्यायला ते राजी नसत. पण त्यांना मैदानही उभे करावे लागे. पुढे गावसकर, शास्त्री यांसारखे खेळाडू समालोचनात आले. न खेळताही केवळ जाण आणि भाषा यांच्या बळावर हर्षा भोगले यांनी स्थान मिळवले. यांचे ऐकून तरुणांची एक पिढी खेळाविषयी विचार करायला शिकली, हे आम्ही वर्गात रोज पाहतो. परंतु मत हेच भांडवल झाले की ते मत कुणाला रुचते यावर स्थान अवलंबून राहते. २०१६च्या आयपीएलपूर्वी भोगले यांना आणि २०२०मध्ये संजय मांजरेकर यांना समालोचकांच्या चमूतून वगळण्यात आले. त्यामागच्या कारणांत आम्ही शिरत नाही. प्रश्न आमच्याही घराचा आहे. प्रकाशकाच्या व्यासपीठावरून, त्याच्याच पुस्तकाविषयी, मलपृष्ठावर शोभेल असे बोलणारा समीक्षक आणि संयोजकांच्या वेतनावर बोलणारा समालोचक यांच्यात फरक असलाच तर मानधनाच्या रकमेचा असावा.

२०२०च्या मार्चनंतर वर्ग बंद झाले आणि आम्ही संगणकापुढे बसून शिकवू लागलो. समोर काळे चौकोन. गावाकडे गेलेल्या मुलांना चित्र परवडत नसे. कुणी झाडावर, कुणी देवळाच्या ओट्यावर बसून नुसता आवाज ऐके. सरांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते मनापासून हसले. “म्हणजे रेडिओवर आलात की! आता तरी सांगा.” आणि खरोखरच सांगावे लागले. फळा नव्हता, हातवारे नव्हते, पुस्तक बहुतेकांजवळ नव्हते. कादंबरीतले एक पान घ्यायचे, ते सावकाश वाचायचे, कोण कुठे उभा आहे, कोण कुणाकडे न पाहता बोलतो आहे हे दाखवायचे आणि मत शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवायचे. ते वर्ष अनेक अर्थांनी वाईट होते. पण शिकवण्याच्या दृष्टीने त्याने आमची एक खोड मोडली. सर २०२१च्या पावसाळ्यात गेले.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या, ज्या त्यांना सांगायच्या राहिल्या आहेत.

पहिली हलकीफुलकी आहे. २०२३च्या आयपीएलचे समालोचन जिओसिनेमावर मराठीतूनही झाले आणि आपला पुण्याचा केदार जाधव त्यात बोलत होता. हंगामाच्या मध्यावर बंगळुरूच्या संघाला बदली खेळाडू हवा झाला आणि त्यांनी केदारलाच बोलावले. समालोचक माइक ठेवून संघात दाखल झाला. समीक्षकाला ‘मग तुम्हीच लिहून दाखवा की’ असे ऐकवणाऱ्यांना यापुढे एक दाखला मिळाला आहे.

दुसरी गोष्ट मात्र सरांच्या म्हणण्याला छेद देणारी आहे. आम्ही वर्गात एक प्रयोग करतो. एका विद्यार्थ्याने खिडकीकडे पाठ करून बसायचे, दुसऱ्याने खालच्या मैदानावरचा खेळ त्याला सांगायचा. नंतर हीच रीत कवितेला लावायची. २०२३च्या जानेवारीत कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. त्या सुमारास शिरोळ तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने आम्हाला थांबवले. म्हणाली, “सर, मॅडम, आमच्याकडं मैदानात सगळ्यांना कुस्ती दिसत असते. तरी निवेदक लागतोच.” तिने मोबाइलवर शंकर पुजारी यांचे निवेदन ऐकवले. दक्षिण महाराष्ट्रातल्या कुस्तीशौकिनांना हा आवाज सांगायला नको. आम्ही तो तेव्हा प्रथमच नीट ऐकला. एकेरी पट, घिस्सा, कलाजंग ही डावांची नावे तर होतीच; पण त्यांच्यामधून मल्लाचे गाव येत होते, त्याची तालीम, त्याचा वस्ताद, त्या वस्तादाचा वस्ताद. हजारो माणसे डोळ्यांनी पाहत असताना हा माणूस त्यांना न दिसणारे दाखवत होता. समोरच्या दोन देहांमागे उभी असलेली रांग.

म्हणजे श्रोता आंधळा असणे ही समालोचनाची एकमेव अट नव्हे. डोळसालाही पुष्कळ दिसत नाही. ही कविता कोणत्या तालमीतली, तिचा वस्ताद कोण, कोणता डाव तिने उलटवला हे सांगणे विशेषणांत मोडत नाही. तेही दाखवणेच आहे. परंपरेचा अभ्यास म्हणून जे आपण अभ्यासक्रमात एका कोपऱ्यात ठेवतो त्याचे हे चालते-बोलते रूप होते, आणि ते आम्हाला वीस वर्षांच्या मुलीने दाखवले. त्या मुलीने पुढे त्याच तासाला एक ओवी अशी उलगडून दाखवली की खिडकीकडे पाठ करून बसलेला मुलगा वळून तिच्याकडे पाहू लागला.

हे सारे घेऊन सदाशिव पेठेतला तो जिना चढावा असे अजून वाटते. काकू आता मुलीकडे असतात. घर बंद आहे. वाद घालायला जे एक माणूस हवे होते ते नाही. तरी तो वाद कसा झाला असता याची आम्हाला बरीचशी कल्पना आहे. सरांनी आमचे म्हणणे, तालीम, वस्ताद, परंपरा, सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले असते. बहुधा मान्यही केले असते. आणि मग विचारले असते, “ते ठीक आहे. पण तो पैलवान उभा कसा होता, ते सांगितलंच नाहीत तुम्ही.”